पायडलावरचं कुंकू

तिजारे साहेबाचं पहिलं मशीन खोट्या सामानाचं होतं. चहाची रिकामी खोकी एकाला एक ठोकलेली, मध्ये पुठ्ठ्याचं गोल पातं. नागपूरचा हा इंजिनिअर लाकूड चिरायच्या आरा-मशीनवरच्या सगळ्या माणसांना गोळा करून म्हणाला, "यावर रोजच्यासारखं लाकूड चिरून दाखवा. कुठे अडतं ते तुम्ही सांगायचं. खरं मशीन मग तुमच्या सांगण्यावरून बनेल."

माणसं हसली. चांदा जिल्ह्याच्या या जंगलात साहेब येतो तो सांगायला येतो. विचारायला आलेला साहेब कोणी पाहिला नव्हता.

ठेकेदार गुणवंतरावाला काही मजुरांचा पुळका आला नव्हता. मागच्या हंगामात लटारूचा डावा हात त्याच्या जुन्या आऱ्यात मनगटापासून गेला. आरा थांबवायचा दांडा तिकडं लांब इंजिनापाशी. लटारू ओरडला तेव्हा इंजिनवाल्याला वाटलं, गडी गाणं म्हणतो. सरकारी माणूस येऊन दम देऊन गेला, म्हणून तिजारे आला. नाहीतर मजुराचा हात आणि सागाची फांदी यांत गुणवंतरावाला फरक दिसत नव्हता. फांदीचे निदान पैसे तरी येत.

लटारूचा मोठा भाऊ मुखरू आऱ्यावर लाकूड ढकलायचा. त्याची बायको कमळा पलीकडून चिरलेली फळी ओढायची. मुखरूनं खोक्यांच्या मशीनवर ओंडका ठेवला.

"समजा पातं अडकलं," तिजारे म्हणाला. "थांबवा."

बाजूला, खांद्याच्या उंचीवर लावलेल्या दांड्याकडे मुखरूनं हात नेला.

"कसं वाटतं?"

"बेस आहे साहेब," टोळीचा मुकादम पोचू म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबानं खोक्याऐवजी म्हशीची शेपटी धरायला दिली असती तरी ते बेसच म्हणाले असते.

"बेस कायचं?" कमळा पलीकडून म्हणाली. "एक हात सुटला का लाकूड फिरते. दुसरा हात त्याच्याच संगं पात्यात जाते. लटारूचा तसाच गेला."

"ए बाई, साहेबासमोर..." पोचू गुरगुरला.

"बोलू दे," तिजारे म्हणाला. "मग दांडा कुठे हवा?"

"दोन्ही हात लाकडावरच राह्यले पायजे. रिकामं का राह्यलं मंग? पायच ना! खाली काहीतरी द्या, दाबलं का आरा बंद."

तिजारेनं तिथल्या तिथं एक फळी खाली ठोकली. पायडल, तो म्हणाला. मुखरूनं पायानं दाबून पाहिलं, मग पोचूनं, मग झाडून सगळ्यांनी. लटारूनं तर नाचल्यासारखा दणादण पाय आपटला. "हे मले जमते बाप्पा! हात नाई लागत याले!" सगळे हसले. त्या दिवशी लटारूही हसला, अपघातानंतर पहिल्यांदाच.

तिजारे चित्र काढून घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता. एवढं श्रेय त्याच्या पदरात टाकतो, पुढचा दोष टाकत नाही.

खरं मशीन दसऱ्याच्या तोंडावर आलं. पायडल जिथं सांगितलं होतं तिथंच होतं. कमळा ते पाहायला दोनदा गेली. नवऱ्याला म्हणाली, "पाहा, तुमचे हात मी राखले."

दसऱ्याला गुणवंतरावानं पूजा घातली. मशीन मोठं, म्हणून पूजा मोठी. भटजी आला, नारळ फुटले, झेंडूच्या माळा चढल्या. पात्याला कुंकू, इंजिनाला कुंकू, पट्ट्याला कुंकू आणि खाली वाकून पायडलालाही कुंकू. गुणवंतरावानं स्वतः पायडलावर डोकं टेकवलं. त्याच्यामागं सगळ्या टोळीनं टेकवलं.

झालं. आमच्याकडे पुजलेल्या विळ्याला चुकून पाय लागला तर माणूस वाकून त्याला हात लावतो, तो कपाळाला नेतो. इथं तर जाणून पाय द्यायचा होता. खोक्यांवर सगळे नाचले, कारण खोक्यांची पूजा कोणी केली नव्हती. हे तिजारेला सुचलं नाही. कमळालाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओंडका अडला. मुखरूचा पाय पुढं गेला आणि तसाच मागं आला. त्यानं ओंडका सोडला, खाली वाकला आणि हाताच्या तळव्यानं पायडल दाबलं. पातं त्याच्या कानाजवळून फिरत होतं. मग सगळेच तसं करू लागले.

"काऊन नाई दाबत पायानं?" घरी कमळानं विचारलं.

"कुंकू आहे त्याच्यावर."

"धुऊन टाकतो मी."

"देव धुतल्यानं जाते का व?"

ती कय्यूमकडे गेली. मशीनची दुरुस्ती तोच करायचा. "कय्यूमभाऊ, तुमीच एकडाव पाय देऊन दाखवा ना. मंग यायची भीती जाईन."

कय्यूमनं कपाळावर हात मारला. "भाभी, मी पाय दिला तं आरा बाजूले राहीन, दुसरंच काही सुरू होईन. माह्या लेकराबाळायचं पाहा."

ती गुणवंतरावाकडे गेली. "मालक, भटजीले सांगा. बाकीचं देव राहू द्या, पायडल तेवढं सोडा."

"अर्धा देव कुठी असते का कमळाबाई?" तो हसत म्हणाला. वाकायचा त्रास नको म्हणून माणसं आता आरा कमीच थांबवत, अडलेलं लाकूड तसंच रेटत. फळ्या जास्त निघत होत्या. गुणवंतरावाला देव परवडत होता.

मग एका दुपारी मुखरूच्या सदऱ्याची बाही ओंडक्याच्या फाट्यात अडकली. ओंडका पुढं, त्यासोबत हात पुढं. मुखरू वाकायला गेला, वाकता येईना. पायडल त्याच्या पायाशी होतं. पाय जागचा हलला नाही. कमळा फळी टाकून पलीकडून धावली आणि अंगातलं सगळं बळ लावून तिनं पायडलावर पाय मारला.

आरा थांबला. बाही फाटली होती. हात शाबूत होता.

मुखरूनं हाताकडे पाहिलं नाही. तो आधी खाली वाकला, पायडलाला हात लावला आणि कपाळाला नेला.

"पाय देल्ला व तू?" पोचू म्हणाला.

"मंग का आरती करू? माणूस कापला जाऊन राह्यला होता!"

"देवानंच वाचवलं असतं."

"लटारूले वाचवलं का त्यानं?"

"तवा पूजा नव्हती झाली," पोचू म्हणाला, आणि सगळ्यांना ते पटलं.

त्याच आठवड्यात इंजिनाचा पट्टा तुटला. जुना, चिरा गेलेला पट्टा. गुणवंतरावानं नव्या मशीनला तोच चढवला होता. तुटणारच होता. पण तुटला तो कमळाच्या पायामुळं, असं ठरलं. टोळी गुणवंतरावाकडे गेली. पायडल वर घ्या, कोणाचा पाय लागायला नको. मुखरूही त्यांच्यात होता.

गुणवंतराव तर तयारच बसला होता. "तिजारे साहेबच सांगून गेला, लोकायले विचारा म्हणून. लोक म्हणतात तं वर घेऊ." कय्यूमनं मान खाली घालून पायडल कापलं आणि दांडा करून खांद्याच्या उंचीवर बसवलं. खोक्यांच्या मशीनवर पहिल्यांदा दांडा होता अगदी तिथं.

"साहेबाले बलवा," कमळा म्हणाली.

"साहेब दुसऱ्या मोठ्या कारखान्यावर गेला. आता तुह्यासाठी येते काय?" गुणवंतराव म्हणाला.

तिला आऱ्यावरून काढून साल सोलायला बसवलं.

पौषात ओंडका फिरला. मुखरूनं दांड्याकडे एक हात नेला, दुसरा ओंडक्यासंगं गेला. कमळा सालीच्या ढिगापाशी होती. आऱ्याचा आवाज बदलला तेव्हाच ती उठली, पण मध्ये सगळं आवार होतं.

चांद्याच्या दवाखान्यातून मुखरू घरी आला. कमळा पेज भरवायला बसली. त्यानं तोंड फिरवलं.

"माहा हात तुह्या पायानं गेला," तो म्हणाला.

तिनं पेजेची वाटी खाली ठेवली.

गुणवंतरावानं निरोप पाठवला: मुखरूला आवारात चौकीदार ठेवतो, पण टोळीची एक अट आहे. कमळानं सगळ्यांसमोर मशीनची माफी मागायची. मुखरू सकाळी म्हणाला, "जाशीन ना?"

ती गेली. टोळी गोलात उभी होती. मुखरूच्या जागी पोचूचा पुतण्या उभा होता, दोन्ही हात लाकडावर. माफीसाठी आरा बंद करायची कोणाला गरज वाटली नाही. दांडा खांद्याएवढा उंच असल्यामुळं कमळाला वाकावंही लागलं नाही. तिनं उभ्या-उभ्याच त्याला कपाळ टेकवलं. लोखंड थरथरत होतं. उडालेला भुसा तिच्या केसांत बसत होता.

"अजून एकडाव," पोचू मागून म्हणाला. "नीट टेकव."

तिनं नीट टेकवलं.