भोकाची पेटी

उद्धवने घरात कपाटाएवढी लाकडी पेटी उभी केली आणि तिला समोरून मुद्दाम भोक पाडलं, तेव्हा अमरावतीच्या अर्ध्या आळीने त्याच्या डोक्याबद्दल आपलं मत बनवून टाकलं. चांगलं मेळघाटचं सागवान! हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? पण उद्धव कुणाचं ऐकणाऱ्यातला नव्हता. त्याचे वडील तर आता खरोखरच कुणाचं ऐकत नव्हते.

वामनरावांनी अकोल्याच्या देवळात उभा जन्म पखवाज वाजवला. म्हातारपणी कान गेले, तशी त्यांनी पखवाजाला खोळ घातली आणि ते मुलाकडे येऊन राहिले. दसऱ्याला त्यांचा लाडका शिष्य शेषराव सोनं द्यायला आला. फुलमळेवाल्या घरातलं हे पोर; त्याला नागपूरच्या नव्या रेडिओवर वाजवायला बोलावलं होतं.

"गुरुजी, तुमी आयका म्हंजे झालं," तो म्हणाला. उद्धवने ते पाटीवर लिहून दाखवलं.

"मी काय आयकू?" म्हातारा उखडला. "तुझं बरोबर का चूक, हे सांगता येत नाई मले. मंग मी कायचा गुरू? दुसरा गुरू पाह्य एखादा."

शेषराव डोळे पुसत गेला. वामनराव त्या दिवशी जेवले नाहीत.

उद्धवच्या जिवाला ते लागलं. पण एक गोष्ट त्याने हेरली होती. कानाशी ओरडलं तरी न ऐकणारे वडील, कापसाच्या जिनिंगचं इंजिन धडधडू लागलं की "लागलं इंजिन" म्हणायचे. म्हणजे बारीक आवाज गेले होते, जाड अजून पोचत होते. त्याने बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा परातीएवढा लाउडस्पीकर सामानासकट मिळवला आणि रेडिओला जोडला. उघडा ठेवला तर जाड आवाज हवेत विरून जाई. बंद पेटीत घातला तर गुदमरे. स्पीकरच्या पाठीमागे निघणारा आवाज पेटीत कोंडून फुकट जातो. त्याला वाट दिली तर तोच पुढच्या आवाजाला हात देतो. वाट केवढी ठेवायची, यातच सारी गोम होती. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकलं की ती आपल्या सुरात घुमते. ही पेटी पखवाजाच्या डाव्या, ओली कणीक लावून खर्जात उतरवलेल्या पुडीसारखी घुमायला हवी होती. पेटी लहान झाली की सूर चढे, भोकात बसवलेली पत्र्याची नळी लांबवली की उतरे. पहिल्या नळीने तर काहीही लावा, पेटी एकच हुंकार भरत बसली. उद्धवने नळी वाढवली, सांध्यांवर सरस लावून कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या. भोकासमोर सुताचा धागा टांगला; ज्या सुराला धागा सर्वांत जोरात फडफडे, तो पेटीचा सूर. एका संध्याकाळी धागा हव्या त्या सुरावर नाचला आणि उद्धव एकटाच हसत बसला.

कार्यक्रमाच्या दिवशी गोदावरीने, त्याच्या बायकोने, पेटी पुसून वर भरतकामाचा पडदा सोडला. वामनराव समोर बसले, पेटीवर तळवा टेकवून. रेडिओवर शेषरावचं नाव पुकारलं गेलं आणि पखवाज सुरू झाला.

पण पेटी गुदमरलेलीच! उद्धवने तारा चाचपल्या, बटणं पिळली. वामनरावांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग मान हलवली आणि हात काढून घेतला.

"राहू दे बाबू," ते म्हणाले. "तू लय केलं."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून गोदावरी भीत भीत म्हणाली, "अवो, तो बोळा काढू काय?"

"कोणता बोळा?"

"भोकातला. उंदरं शिरतीन म्हून सकाळीच लावला."

आता तिला तरी काय बोलावं? वऱ्हाडात धान्याच्या कोठीला खाली भोक असतं आणि भोकाला चिंध्यांचा बोळा असतो. उघडं भोक दिसलं की इथल्या बाईचा हात आपोआप चिंधीकडे जातो. आणि गोदावरीचं काम पक्कं. बोळा तिने पार आतपर्यंत ठासला होता.

उद्धवने पडदा भिरकावला, कोपरापर्यंत हात घातला आणि बोळा ओढून काढला. पेटी घुमली. फडताळातली भांडी थरथरली. वामनरावांनी घाईने तळवा पुन्हा टेकवला, मग कान टेकवला. त्यांची बोटं मांडीवर चालू लागली. शेषराव तिहाईवर आला, म्हातारा त्याच्याबरोबर समेवर आला, आणि उद्धवला हुंदका आवरेना.

कार्यक्रम संपला. वामनरावांचा चेहरा मात्र आंबट झाला होता.

"डाव्या पुडीले कणीक कमी लावली त्यानं," ते खेकसले. "सूर चढून राहिला होता. एवढं शिकवलं, तरी घाई! उद्धव, त्याले निरोप धाड. म्हणावं, गुरुजींनं बोलावलं. मुकाट्यानं ये."

मग त्यांनी खुंटीवरचा पखवाज काढायला सांगितला आणि सुनेकडे कणकेचा गोळा मागितला.