सरांच्या खिडकीखालचा गुरू

सरांनी आधुनिक इंग्रजी कवितेतल्या शहरी वास्तवावर पुस्तक लिहिलं होतं. गटारं, धूर, भाड्याच्या खोल्यांमधला कोंदट वास हे सगळं ज्या कवींनी कवितेत आणलं, त्यांच्यावर सरांचा भारी जीव. घरातला केर मात्र त्यांनी जन्मात उचलला नव्हता. प्रस्तावनेत ठोकून दिलं होतं, 'माझ्या खिडकीखालचा उकिरडा हाच माझा गुरू.'

पंचाईत अशी, की गुरू आता जागेवर नव्हता. सरांच्या बायकोनं, म्हणजे अख्ख्या इमारतीच्या काकूंनी, नगरपालिकेत खेटे घालून तो हलवला होता आणि बोळात कुंड्या मांडल्या होत्या. सरांना पत्ताच नाही. वास्तवावर लिहिताना त्यांना खिडकी बंद लागे. ज्यांच्या शिफारशीवर विभागप्रमुखपद अडलं होतं, ते थोर समीक्षक ती खिडकी बघायला येणार म्हटल्यावर सरांनी आदल्या दिवशी ती उघडली, आणि कपाळाला हात लावला.

"अहो, बघू देत की कुंड्या," काकू म्हणाल्या.

"तुला कवितेतलं काय कळतंय!"

सकाळी काकू झाडांना पाणी घालायला उतरल्या आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोळभर केर! त्यात मटाराची सालं, काल त्यांनीच सोललेली. गुरू घरच्याच डब्यातून परतला होता. दातओठ खात त्यांनी झाडू घेतला.

खिडकी पहिल्याच मजल्यावर. बोळात शब्दन् शब्द ऐकू येई.

"वा! काय जिवंत दृश्य!" वर खिडकीत येऊन उभे राहिलेले समीक्षक म्हणत होते. "ती झाडणारी बघा. थकलेली, एकाकी. कोण हो ती?"

काकूंचा झाडू थांबला.

"ती?" सर जरा घुटमळले. "कोणी नाही. झाडूवाली."

इतक्या वर्षांच्या संसाराची ही किंमत! त्यांनी केर काडीन् काडी डब्यात भरला, वर आल्या आणि डबा सरांच्या टेबलावर, त्या पुस्तकावरच ठेवला.

"तुमचा गुरू, सर. खाली राहिला होता." मग पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "मी झाडूवाली. यांच्याशी लग्न झालंय, एवढंच."

समीक्षकांनी शिफारशीसाठी काढलेलं पेन परत खिशात ठेवलं.

सरांनी नाकाला रुमाल लावला.