दुसऱ्या गिअरमधले बाळ

माझी थोरली बहीण अनुपमा दिंडोशीतल्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवते. दुसऱ्या खेपेला तिने आठवा महिना संपेपर्यंत काम केले; पोट आणि डॅशबोर्ड यांत चार बोटांचे अंतर उरले, तेव्हाच ती गाडीतून उतरली. सौरभ पाच महिन्यांचा झाला आणि ती पुन्हा कामावर निघाली. पाळणाघर सहा महिने पुरे झाल्याशिवाय मूल घेत नव्हते. सासूबाई कणकवलीला परतल्या होत्या, कारण काजू कोणाच्या सोयीने पिकत नाहीत. भावोजी राजेश पहाटेच पनवेलच्या कारखान्याकडे निघत. उरलो मी. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रिते तपासतो. माझ्या कामाला आवाज नसतो, त्यामुळे ते काम आहे असे आमच्या घरात कोणाला वाटत नाही.

"एकच महिना, नंदू," ताई म्हणाली. "सात ते अकरा. दूध काढून ठेवते. तो झोपला की त्याला झोपू द्यायचं, बस्स."

"आणि नाही झोपला तर?"

"तर तूही झोपू नकोस."

ताईची अडचण महिन्याची नव्हती, शनिवारची होती. ती रजेवर असताना स्कूलचे मालक जयवंतसर यांनी सपना नावाची चोवीस वर्षांची, चटपटीत मुलगी ठेवली होती. बायकांची गाडी एकच आणि आता शिकवणाऱ्या दोघी. सरांनी त्यावर तोडगा काढला, तो द्रौपदीकाकूंच्या रूपाने. काकूंचे वय बासष्ट. यजमान गेले आणि मागे राहिली एक निळी गाडी. ती विकायची नाही, चालवायची, असा त्यांचा हट्ट होता. अंधेरीच्या आरटीओत त्या दोनदा नापास झाल्या होत्या, दोन्ही वेळा चढावर गाडी बंद पाडून. सपनाने हात टेकले होते. सर ताईला म्हणाले, "तीन आठवडे देतो. शनिवार, बावीस तारीख. मी स्वतः मागे बसणार. काकू चढ चढल्या तर सकाळची बॅच तुझी. नाहीतर सपनाची."

ताई घरी येऊन हे सांगत होती, तेव्हा तिच्या एका खांद्यावर बाळ होते आणि दुसऱ्या खांद्यावर अजून न उतरवलेली पर्स. तिने हसून सांगितले. पण तिचे हसणे हल्ली अर्ध्यावरच थांबत असे, जणू मधेच कोणी दार वाजवले आहे. त्या दिवसांत ती सगळीच कामे अचूक करी, फक्त वस्तू चुकत. तिची थोरली, सहा वर्षांची दिशा, एकदा शाळेतून परतली आणि तिने डब्याची पिशवी माझ्यासमोर उलटी केली. तीतून सौरभचे धुतलेले, घडी घातलेले लंगोट बाहेर पडले.

"बाई म्हणाल्या, हे काय गं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आता आमच्याकडे दोन मुलं आहेत, त्यामुळे होतं असं."

पहिल्या दिवशी साडेसातला सौरभ रडू लागला आणि सव्वाआठपर्यंत त्याने श्वास घेण्यापुरतीच विश्रांती घेतली. बाटली त्याने जिभेने ढकलली. मी गाणी म्हटली. पण मला पाठ असलेली सगळी गाणी विरहाची निघाली, आणि पाच महिन्यांच्या जिवाला ती पटली असावीत, कारण तो अधिकच रडला. शेजारच्या बाईंनी दार उघडून पाहिले, मला पाहिले आणि दार लावून घेतले. तेव्हा मी त्याला घेऊन खाली उतरलो. वसाहतीला वळसा घालून टेकडीकडे चढणारा एक निवांत रस्ता आहे. शिकाऊ गाड्या तिथेच फिरतात. शिरिषाच्या सावलीत ताईची पांढरी गाडी उभी होती आणि उघड्या काचेतून तिचा आवाज येत होता.

"क्लच दाबा, काकू. पूर्ण. आता पहिला टाका. आता हळू... हळू... हळू सोडा."

सौरभ हुंदक्याच्या मधोमध थांबला. त्याने मान आवाजाकडे वळवली आणि अंगातला सगळा ताण सोडून दिला. गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली. सौरभ किंचाळला.

"अगो बाय," स्टिअरिंगमागून द्रौपदीकाकू म्हणाल्या, "ह्या तुझाच ना? मगे पोटात असल्यापासून क्लच क्लच आयकत इला. दुसरा काय आयकतला?"

ताई उतरली. बाळाला घेऊन मागच्या सीटवर बसली. काकूंनी उतरून दाराशी छत्री उघडली आणि रस्त्याकडे पाठ करून पहारेकऱ्यासारख्या उभ्या राहिल्या. मी दूर जाऊन, ज्यात मला काडीचा रस नाही अशा एका स्कूटरच्या दुरुस्तीची पाटी पुनःपुन्हा वाचली. पंधरा मिनिटांनी ताईची हाक आली. सौरभ झोपला होता.

"घरी नेऊ?" मी विचारले.

"नेशील आणि उठवशील. बस मागे. पट्टा लाव. एक फेरी मारून तुला दारात सोडते."

जयवंतसरांचा नियम साधा होता: गाडीत शिकणारा, शिकवणारा आणि देव, एवढे तिघेच. देव डॅशबोर्डवर चिकटवलेला होता. आम्ही दोघे जास्तीचे. पण ती एक फेरी, आणि मग दुसऱ्या दिवशीची, आणि मग सगळ्याच सकाळच्या फेऱ्या आमच्या झाल्या. आठ ते नऊ हा काकूंचा तास होता आणि काकूंना सोबत आवडली. गाडी घोरणाऱ्या माणसासारखी एकसुरी, ताशी पंधराच्या वेगाने चाले आणि सौरभ माझ्या छातीवर गाल टेकून झोपे. दुसरा गिअर त्याला सर्वांत मानवला. पण क्लचवरून पाय चुकून सुटला आणि गाडी हिसकून थांबली, की त्याच क्षणी त्याचा टाहो. काकूंच्या चुकीला इतका तत्पर परीक्षक आरटीओतही नसेल.

चौथ्या दिवशी चढावर गाडी तीनदा बंद पडली आणि तिघांचेही चेहरे रडवेले झाले. चौथा तर रडतच होता. ताई क्षणभर डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "काकू, तुम्ही किती मुलं वाढवलीत?"

"चार. आणि सात नातवंडा."

"झोपलेलं बाळ मांडीवरून अंथरुणावर ठेवलंत, की त्याच्या मानेखालचा हात कसा काढता?"

काकूंनी उजवा हात हवेत धरला आणि इतक्या सावकाश, इतक्या चोरपावलांनी मागे घेतला, की मीही श्वास रोखला.

"तसा पाय काढा."

काकूंनी आरशात सौरभकडे पाहिले. नवऱ्याने मागे ठेवलेल्या गाडीकडे पाहावे तशी त्यांची नजर त्याच्यावर थोडा वेळ ठरली. मग त्यांनी पाय काढला. गाडी चढू लागली. तिच्या पोटात कुठेतरी काहीतरी थरथरले आणि सावरले. माथा आला.

"चढली गो," काकू कुजबुजल्या, "आणि पोर उठला नाय."

त्यानंतर त्यांची गाडी क्वचितच बंद पडली. एका सकाळी तर आम्ही वसाहतीला दुसरा वळसा घालत होतो, तेव्हा बराच वेळ ताईचा आवाज नाही हे माझ्या ध्यानात आले. मी पुढे वाकलो. तिचा पाय शिकवणाऱ्याच्या ब्रेकवर होता, हात हँडब्रेकवर होता आणि मान खिडकीला टेकलेली होती. ती गाढ झोपली होती. कितीतरी महिन्यांनी मला तिचा चेहरा दिसला, कामाला न लागलेला. लहानपणी गृहपाठाच्या वहीवर झोपे तसाच.

"काकू," मी घाबरून पुटपुटलो, "ताई झोपलीय. गाडी थांबवा."

"गप रव. थांबवलंय तर दोघाय उठतली."

"पण..."

"ता वळाण इला. माका बघू दे."

बासष्ट वर्षांची बाई, दोनदा नापास, दोन झोपलेल्या जिवांना आणि एका भेदरलेल्या मामाला घेऊन आणखी अर्धा फेरा गाडी चालवत राहिली. मी देवाकडे पाहत राहिलो. त्याच्याकडेही ब्रेक नव्हता. शिरिषाखाली काकूंनी गाडी इतकी अलगद उभी केली, की ताई उठली ती बाहेरच्या कावळ्याच्या आवाजाने. उठताच तिने ब्रेक दाबला.

"काय झालं? बंद पडली का?"

"नाय गो. पोचलो," काकू म्हणाल्या.

ताईने घड्याळ पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि तिला कळले. ती दिवसभर स्वतःवर चिडलेली होती. संध्याकाळी भाजी निवडताना एकदम म्हणाली, "हे काम गेलं ना नंदू, तर मी दिवसभर घरी असेन. सगळे म्हणतात, बरंच होईल. मलाच तेवढं कसं वाटत नाही रे बरं?" मी तिच्या पुढ्यातली मेथी माझ्याकडे ओढून घेतली.

बावीस तारखेला ताईने बजावले, "आज घराबाहेर पाऊल टाकू नकोस. सरांना बाळ दिसलं, तर चढ राहू दे, मीच उतरले असं समज."

मी वचन दिले. सौरभने दिले नव्हते. आठ वाजून दहा मिनिटांनी त्याने सुरुवात केली आणि साडेआठला मी नाइलाजाने त्याला घेऊन रस्त्यावर आलो. शिरिषाच्या बुंध्याआड उभा राहिलो, तोवर चालण्याने तो डुलकी घेऊ लागला होता. तेवढ्यात पांढरी गाडी आली. मागच्या सीटवर जयवंतसर बसले होते: भरघोस मिशी, मांडीवर कागद लावलेली पाटी, हातात पेन. गाडी चढाला लागली, हिसकली आणि बंद पडली. थोडी घसरली. ताईने ब्रेक लावला तेव्हा ती नेमकी माझ्या झाडासमोर येऊन थांबली होती.

"एक," सर म्हणाले.

"काही हरकत नाही, काकू," ताई म्हणाली. तिचा आवाज शांत होता. ती फार घाबरली की तो असा शांत होतो, हे फक्त मला माहीत आहे. "बाळाच्या मानेखालचा हात काढताय, असं समजा."

गाडी पुन्हा बंद पडली.

"दोन."

काकूंनी आरशात पाहिले. मग मान मागे वळवून सरांना नीट न्याहाळले आणि स्टिअरिंगवरून दोन्ही हात खाली घेतले.

"माका जमाचा नाय."

"का, काकू? रोज तर जातेय ना गाडी."

"रोज मागे पोर असता. आज हो मिशीवालो बसलो हा. ह्येका निजवूक माझो पाय कशाक हळू येतलो?"

सरांचे पेन कागदावर तसेच राहिले.

"कसलं पोर?" ते म्हणाले.

"ताच," काकू म्हणाल्या आणि त्यांनी सरळ माझ्या झाडाकडे बोट केले. "थंय उभो आसा बघ, झाडामागे. मामा आसा त्येचो. गरीब आसा."

मी बुंध्याआडून बाहेर आलो. अशा वेळी काय म्हणावे हे मला माहीत नव्हते, म्हणून मी "नमस्कार" म्हटले.

"अनुपमा," सर सावकाश म्हणाले, "माझ्या गाडीत तान्हं मूल?"

"हो, सर."

"किती दिवस?"

"जवळजवळ तीन आठवडे." ताईने मान वर केली. मी ओळखले की ती आता काहीच लपवणार नाही. "पाळणाघर घेत नाही, सर. घरी तो रडतो. इथे झोपतो आणि तो झोपला की मला शिकवता येतं. चूक माझीच आहे. पण काकू चढ चढतात, हे खोटं नाही. आता तुम्ही म्हणाल तसं."

"तीन," सर म्हणाले. आम्हाला वाटले ते चुका मोजत आहेत. "तीन संधी देतो म्हटलं होतं, दोन झाल्या. आण रे ते पोर इकडे."

"सर, मी बसतो ना त्याला घेऊन..."

"तू बसलास की पाच होतात. नियम एकदाच मोडायचा. दे."

मी खिडकीतून सौरभला त्यांच्या हाती दिले. त्यांनी त्याला प्रथम स्टेपनीसारखे धरले. मग ताईने मागे वळून त्यांचे कोपर दुमडले, मान आधारली, पट्टा ओढून लावला. सौरभने झोपेतच त्यांच्या बोटांतले पेन मुठीत घेतले. काकूंनी आरशात पाहिले आणि पदर खोचला.

"आता बघ रे जयवंता."

गाडी हलली हे मला दिसलेच नाही. फक्त ती झाडापासून थोडी वर होती, मग आणखी वर. माथ्यावर तिचा मागचा दिवा एकदा लागला, विझला आणि ती वळणाआड गेली.

मी तिथेच उभा राहिलो. हात रिकामे होते आणि छातीवर, जिथे त्याचा गाल असे, तेवढीच जागा गार पडली होती.

सात मिनिटांनी गाडी वसाहतीला फेरी घालून माझ्यासमोर आली. शिरिषाखाली ती मंदावली, तसा आतून सरांचा दबका, घायकुतीला आलेला आवाज आला.

"थांबवू नका! काकू, थांबवू नका, हालचाल करतोय तो! दुसऱ्यात ठेवा!"

गाडी तशीच पुढे गेली. स्कूलच्या फाटकाशी नऊच्या बॅचच्या तीन बायका आणि सपना उभ्या होत्या. त्यांच्यासमोरून मालक मागच्या सीटवर, मांडीवर बाळ, ओठांवर बोट अशा थाटात संथपणे निघून गेले. सपनाने हात हलवला, पण त्यांनी डोळ्यांनीच तिला गप्प केले.

तिसऱ्या फेरीला ताईच्या बाजूची काच खाली होती.

"नंदू!" ती आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हणाली. मग चालत्या गाडीबरोबर मी धावू लागलो, तेव्हा कुजबुजली, "बॅच माझी. सपनाला दुपारची देतायत."

"आणि बाळ?" मी धापा टाकत विचारले.

मागून उत्तर सरांनी दिले, तेही कुजबुजून. "सोमवारपासून हे पोर गाडीत दिसता कामा नये. ऑफिसात पंखा आहे, सतरंजी आहे. तिथे बस घेऊन."

"तिथे तो झोपणार नाही, सर."

"ते सोमवारी बघू. आता माझा पाय बधीर झालाय, मला उतरायचं कसं ते सांग."

ताईने मागे वळून सरांकडे पाहिले, आणि तिचे हसू या वेळी अर्ध्यावर थांबले नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले, खांदे हलू लागले, डोळ्यांतून पाणी आले, तरी ती हसतच राहिली. काकूंनी पुढच्या वळणाआधी इंडिकेटर दिला आणि गाडी आणखी एका फेरीला वळवली.