जास्तीचं तेल

मी गाडीचा एअर फिल्टर बोलतोय. लगेच नाक मुरडू नका. इंजिन जी हवा ओढतं ती आधी माझ्यातून जाते आणि रस्त्यावरची सगळी धूळ मी अंगावर घेतो. एवढं करून बॉनेटखाली काळ्या डब्यात बंद! कोण विचारतंय?

गाडीसोबत आलेला फिल्टर कागदाचा होता. मळला की कचऱ्यात. मी मागाहून विकत घेतलेला. तारेच्या दोन जाळ्यांमध्ये सुती कापडाचे थर, त्यांच्या बारीक घड्या, कडेला रबर. मला धुवायचं, वाळवायचं, हलकं तेल द्यायचं आणि परत बसवायचं. दुकानदार म्हणाला, "काका, गाडीच्या जन्माला पुरेल." काका खूश झाले. ते शिंपी, चिंधीसुद्धा जपून ठेवणारे.

मला धुवायचे मात्र निगुतीने. आधी हलकेच आपटून सुकी धूळ झाडायची, मग साबणाचं पाणी शिंपडून भिजू द्यायचं आणि आतल्या बाजूने बाहेर बारीक धार सोडायची, म्हणजे धूळ आणखी आत शिरत नाही. काकू आतून ओरडायच्या, "अहो, माझी बादली घेतलीत ना पुन्हा? कधी माझी साडी इतक्या मायेने धुतलीत का?" काका हसायचे. मला सावलीत ठेवायचे, पुरता वाळू द्यायचे आणि घडीघडीवर तेलाची बारीक रेघ ओढायचे. तेव्हा मी खरंच सुखात होतो.

मग काकूंचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण त्या दिवसापासून काकांचं हसणं गेलं. काकूंनी एकच हट्ट धरला. डोंगरावरच्या गावात त्यांचं माहेर होतं, तिथे मोठी बहीण राहत होती. "ताईला इथे बोलावू नका," त्या म्हणायच्या, "मला तिच्या दारात उतरायचंय. एकदाच."

काका म्हणाले, "नेतो. गाडी जरा ठाकठीक करून घेतो."

आदल्या दिवशी त्यांनी मला धुतलं. तेल दिलं. पण मन भरेना. चढाचा रस्ता, आजारी माणूस, मध्येच काही झालं तर? त्यांनी शिलाई मशीनची तेलाची बुधली आणली. अडलेल्या मशीनला तेल पाजलं की ते धावतं, हे त्यांच्या हाताला जन्मभर माहीत. मला पुन्हा पाजलं, वर आणखी एकदा पाजलं. अहो काका, मी मशीन नाही हो! माझ्या अंगात तेल मुरेना, घड्यांमधून निथळायला लागलं.

डोंगराच्या निम्म्यावर व्हायचं तेच झालं. माझ्यातलं तेल हवेबरोबर ओढलं गेलं आणि हवा मोजणाऱ्या नाजूक तारेवर बसलं. गाडीने आचके दिले आणि ती थांबली. काकांनी बॉनेट उघडलं. काकू खाली उतरून दगडावर बसल्या, पिशवीतून फोन काढला.

"ताईला फोन करू का? भाचा गाडी घेऊन येईल. जवळच तर आहे."

"नको," काका म्हणाले. "इतक्या वर्षांनी तुला माहेरी न्यायचं आणि तेही दुसऱ्याच्या गाडीतून? दुरुस्त करून घेतो. पुढच्या आठवड्यात जाऊ."

काकूंनी वर रस्त्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि फोन पिशवीत ठेवला.

गाडी ओढून खाली आणावी लागली. मेकॅनिकने मला बाहेर काढलं आणि कपाळाला हात लावला. "काका, फिल्टरला तेल दिलंय की आंघोळ घातलीय?" त्याने ती तार साफ केली, माझ्या जागी कागदाचा फिल्टर बसवला आणि मला काकांच्या हातात दिलं. गाडी झकास चालायला लागली. पण पुढचा आठवडा उजाडायच्या आत काकू गेल्या.

तेव्हापासून मी गॅलरीत आहे. काका मला रोज धुतात. सुती कापड विरलंय, उजेड आरपार दिसतो. रबर सुटलंय. आता कुठल्याच गाडीला मी चालणार नाही, हे त्यांनाही कळतं. तरी धुतात.

आज ताई भेटायला आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, निम्म्यापर्यंत आला होतात म्हणे. एक फोन करायचा होता. पोराने दहा मिनिटांत वर आणलं असतं तिला. तिला कशी आठवण झाली नाही माझी?"

काका म्हणाले, "त्या गडबडीत फोनचं कुणाला सुचलंच नाही."

ताईंनी डोळे पुसले. काका उठून गॅलरीत आले आणि मला नळाखाली धरलं.

काका, पुरे हो. माझ्यात आता धुण्यासारखं काही राहिलेलं नाही. नळ बंद करा. ताई अजून आत बसल्यात, बहिणीने आपली आठवण काढली नाही असं समजून रडतायत. जा, त्यांना सांगा, काकूंनी फोन हातात घेतला होता.