हौदातला चोर

आत्या दातांच्या कवळ्या बनवायची. तिच्या कामाच्या खोलीमागे एक जुना सिमेंटचा हौद होता. त्यात पाणवनस्पती माजल्या होत्या, कडेला गोगलगायी चिकटलेल्या असत आणि मधल्या पाण्यात बेडकांची शेपटीवाली पिल्लं वळवळत. सुट्टीत आलेली खारू, म्हणजे आत्याची भाची, दिवसभर तिथेच पडीक असे.

पण पिल्लं कमी व्हायला लागली. खारूचा संशय आत्याच्या मांजरावर. आत्या म्हणाली, ते पंजा ओला होईल म्हणून ओट्यावरसुद्धा जपून चालतं, ते कसलं पाण्यात हात घालतंय! मग खारू हौदाच्या काठावर पालथी पडून पहारा करू लागली.

एकदा तळातला चिखलाचा एक गोळा हलला. त्याला सहा पाय होते. जवळून एक पिल्लू गेलं, गोळ्याच्या हनुवटीखालून काहीतरी सटकन पुढे आलं आणि पिल्लू गायब. खारूने चहाची गाळणी आणून चोराला पकडलं.

आत्याने हातातली कवळी बाजूला ठेवली आणि वाटीतला तो किडा भिंगाखाली घेतला. त्याच्या हनुवटीखालचा तो अवयव तिने काडीने हळूच पुढे ओढला.

"हा जबडा नाही गं," ती म्हणाली. "जबडा आत आहे. हा खालचा ओठ आहे, घडी घालून ठेवलेला. पुढे चिमटा आहे बघ."

खारूला तो गटारात टाकायचा होता. आत्याने एवढंच विचारलं, की पोट त्यालाही आहेच ना? खारूचा राग उतरला नाही, पण कुतूहल त्याहून मोठं होतं. तिने त्याला खिडकीतल्या एका बरणीत ठेवलं, सोबत हौदातलं पाणी, थोडी पाणवनस्पती आणि एक उभी काडी. खायला डासांच्या अळ्या. त्या तो मिटक्या मारल्यासारखा फस्त करी.

पुढे त्याने खाणंच सोडलं. तो नुसता पाण्याच्या वरच्या थरापाशी बसून राही. खारूच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या हातून मेला तर?

सकाळी पाहते तर तो काडीवर, पाण्याच्या बाहेर. पाठ उकललेली. त्या फटीतून एक फिकट, ओलसर जीव हळूहळू बाहेर येत होता. चुरगळलेल्या कागदासारखे त्याचे पंख उलगडत गेले. कवळी न्यायला आलेले एक आजोबाही खुर्ची ओढून बघत बसले.

"चतुल आहे तो," ते बोळक्या तोंडाने म्हणाले.

"चतुर?" खारूला पटेना. "तो तर उडतो. हा पाण्यातला आहे."

आजोबांनी नुसतं बोट दाखवलं. उन्हात पंख काचेसारखे कडक झाले होते. ते थरथरले, आणि चतुर खिडकीतून निघून गेला. काडीवर रिकामी कात तेवढी राहिली.

आत्या कवळी घेऊन आली तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं. खारू आणि आजोबा हौदावर वाकले होते. पाण्यात आणखी किती चतुर लपलेत, यावर त्यांचा वाद चालला होता.