अकरा चिंचा

"दान करायचं नाही म्हणाले. विकायचं तर नाहीच नाही." सत्यम गच्चीच्या दारात उभा राहून मोबाइलवरचं वाचून दाखवत होता. त्यामुळे बापाच्या तोंडाकडे बघायची वेळ त्याच्यावर येत नव्हती. "एकेक झाड सुटं करायचं आणि मोकळ्या जमिनीत लावायचं. दीपाला पाचवा महिना लागायच्या आत."

नानासाहेबांच्या हातातली कात्री हातातच राहिली.

"कोण म्हणालं?"

"औरंगपुऱ्यातले वास्तूवाले. दीपाच्या पप्पांनी आपल्या घराचा नकाशा नेला होता. नकाशा बघूनच त्यांनी विचारलं, गच्चीवर खुंटवलेली झाडं, बोन्साय, आहेत का म्हणून. आपण काही सांगितलंच नव्हतं, बाबा."

"तुझ्या सासऱ्यानं सांगितलं असंल."

"पप्पा कशाला सांगतील? आणि ते म्हणाले, झाड खुंटवलं त्या घरात वंश खुंटतो. त्यात पुन्हा चिंच!"

खुंटवलेली झाडं. एकोणीस वर्षांत हा शब्द नानासाहेबांच्या मनाला कधी शिवला नव्हता. चितेगावच्या मोटर कंपनीत ते एकतीस वर्षं वाइंडर होते, मोटरला तांब्याच्या तारेचे वेढे देणारे. कंपनीच्या फाटकाशी जुनं चिंचेचं झाड होतं. सगळ्या शिफ्टचे डबे त्याच्याच सावलीत उघडायचे. रस्ता रुंद करायचा ठरला आणि एका दुपारी ते झाड आडवं झालं. बाकीच्यांनी फांद्या सरपणाला नेल्या. नानासाहेबांनी शर्टाच्या खिशात चिंचोके भरून आणले. त्यातले अकरा जगले.

पुढं त्या अकरांचं त्यांनी एकाच उथळ ताटात रान लावलं. ताट शफीकनं बनवून दिलं होतं, फॅब्रिकेशनमधल्या दोस्तानं. तीन फूट लांब, चार बोटं खोल, स्टीलच्या पत्र्याचं, तळाला पाणी निघून जायला सहा भोकं. सगळ्यांत थोरलं झाड मधोमध नाही, जरा डावीकडं. बाकीची त्याच्या आगेमागे, पण एका रांगेत एकही नाही. फांद्यांना वळण द्यायला जळक्या मोटरमधून काढलेली तांब्याची तार, कारण आगीतून निघालेली तार लोण्यासारखी मऊ होते. एकतीस वर्षं मोटरला वेढे दिलेली बोटं, त्यांना फांदीला वेढा देणं काय अवघड! वेढा सैलही नको आणि घट्टही नको. आणि काढताना तार उलटी उलगडायची नाही, तुकडे करून काढायची, नाहीतर फांदी मोडते. बायकोचं, आशाबाईंचं, ऑपरेशन झालं त्या पावसाळ्यात मात्र थोरल्या झाडाची तार कापायची राहून गेली आणि ती सालीत रुतली. खोडावर बोल्टच्या आट्यांसारखा वळ पडला, तो कायमचा. त्या वळाबद्दल नानासाहेब स्वतःला आजतागायत शिव्या द्यायचे.

नळाला आठ-आठ दिवस पाणी यायचं नाही तेव्हाही डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी या ताटाला मिळायचंच. घरच्यांना हे सगळं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं.

"मिरगापतोर दम धर," नानासाहेब म्हणाले. "अकरा झाडांची मुळं एकमेकांत गेलीत. करवतीशिवाय सुटायची नायत. मे महिन्यात मुळं तोडली तर एक झाड जगायचं नाय, सत्यम. पाऊस पडू दे, मग मी सोत्ता नेऊन लावतो."

"मृगापर्यंत पाचवा लागतो, बाबा."

"पंधरा दिवसानं काय आभाळ कोसळतंय का?"

"दोनदा कोसळलंय." सत्यमनं पहिल्यांदा मान वर केली. "सरळ सांगा ना. तुम्हाला झाडं मोठी का नातवंड मोठं?"

असा प्रश्न एकदा विचारला की त्याला उत्तर नसतं, आणि विचारणाऱ्याला ते माहीत असतं. नानासाहेबांनी बायकोकडे बघितलं. आशाबाई कडेला बसून कुरडया उलटवत होत्या. चाळीस वर्षांत नवऱ्याच्या बाजूनं त्या हमखास बोलायच्या.

"दोनदा पोरीला दवाखान्यातून रिकामी आणली," त्या कुरडयांकडेच बघत म्हणाल्या. "तिसऱ्यांदा माझ्याच्यानं बघवायचं नाय. टाका काढून एकदाची."

तरीही नानासाहेब अडून बसले असते. वास्तूवाल्याला तर त्यांनी औरंगपुऱ्यात जाऊन दोन शब्द ऐकवले असते. पण संध्याकाळी दीपमाला जिना चढून आली आणि वरच्या पायरीवरच थांबली. ही सून आली तेव्हापासून गच्चीवरच्या ताटाला पाणी घालायला हौसेनं यायची. दुसऱ्यांदा दवाखान्यातून आल्यावर तर पंधरा दिवस ती संध्याकाळी या ताटापाशीच बसून असायची, थोरल्या झाडाच्या वळावरून बोट फिरवत. "याला पण लागलंय ना, बाबा," असं एकदा म्हणाली होती. आज तिनं उंबरा ओलांडला नाही.

"बाबा, माझा विश्वास नाही हो असल्या गोष्टींवर," ती म्हणाली. तिचा हात पोटावर होता. "पण आता भीती वाटते. रात्री डोळा मिटला की हीच झाडं दिसतात. माझ्यामुळं तुम्हाला..." ती रडायलाच लागली.

"येडी का काय तू," नानासाहेब म्हणाले. "झाडंच ती. रविवारी नेऊन लावतो. जा, खाली जाऊन पड जरा."

ती खाली गेली. नानासाहेबांना राग आला होता, भयंकर राग, पण तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. वास्तूवाला लांब होता आणि पोरगी रडत होती.

रविवारी सकाळीच शफीक करवत घेऊन आला. सारा प्रकार ऐकून त्यानं कपाळावर हात मारला.

"नाना, अरे मेरेको दे दे ना पूरा ताट. वर्कशॉपच्या पत्र्यावर ठेवतो. किसको पता चलता?"

"वास्तूवाल्यानं विचारलं तर? उद्या काय कमीजास्त झालं तर पोरगी जन्मभर म्हणंल, मामंजींनी फसवलं. नको बाबा."

नानासाहेबांनी आधी सगळ्या तारा कापून काढल्या. तुकड्यातुकड्यानं, सालीला ओरखडा न येऊ देता. शफीक बघत होता. तासाभरानं मरायला निघालेल्या झाडाची एवढी निगुती! मग ताट उपडं केलं. चार बोटं जाडीचं मुळांचं एकच जाजम निघालं. कुणाचं मूळ कुठं जातं याचा पत्ता लागेना. अर्धा तास नानासाहेब बोटांनी मुळं सोडवत बसले, आणि शेवटी करवत शफीकच्या हातात दिली.

"तू काप. माझ्याच्यानं व्हायचं नाय."

"मेरे से भी नै होता, नाना." पण त्यानं कापलं.

चितेगावच्या शिवारात व्याही कडुबांचा एक तुकडा पडीक होता. तिथं अकरा खड्डे केले, शेणखत घातलं, झाडं लावली. सत्यम फोटो काढून निघून गेला. वास्तूवाल्यांना पाठवायचे होते. त्यांचं उत्तरही लगेच आलं आणि सत्यमनं ते घरी सगळ्यांना वाचून दाखवलं : जशी झाडं वाढतील, तसं बाळ वाढेल.

या एका ओळीनं नानासाहेबांच्या गळ्याला फास लावला. आता झाडं मरायची सोय उरली नाही.

पुढचे सोळा दिवस ते रोज पहाटे स्कूटरला दोन कॅन अडकवून पैठण रोडनं चितेगावला जायचे. शफीकच्या बायकोच्या, फहमिदाच्या, जुन्या साड्यांचा सावलीसाठी मांडवही घातला. चौथ्या दिवशी पाला मिटला तो उघडलाच नाही. आठवड्यानं खाली झडला. थोरलं झाड सगळ्यांत शेवटपर्यंत तगलं. सतराव्या दिवशी त्याच्या सालीला नखानं खरवडलं, तर आत हिरवं काही नव्हतं.

घरी आले तर दीपमाला दारातच उभी.

"बाबा, आज सोनोग्राफी झाली. छान आहे सगळं. वाढ एकदम बरोबर आहे म्हणाल्या डॉक्टर." मग हळूच विचारलं, "झाडं?"

"झकास," नानासाहेब म्हणाले. "फुटवे आलेत."

मृगाचा पाऊस झाल्यावर त्यांनी पैठण रोडवरच्या नर्सरीतून चिंचेची अकरा रोपं आणली. काळ्या पिशवीतली, पेन्सिलीएवढ्या खोडाची, कुठंही मिळतात तसली. शफीकनं खड्डे केले. वाळलेली अकरा खोडं उपटून बांधाकडेला ठेवली होती, तिकडं बघून तो भडकला.

"तू एक बार घर में बोल तो सही! उन्नीस साल का झाड मेलं म्हणून सांग. तुमच्या वास्तूवाल्यानं मारलं म्हणून सांग. चोर तू है क्या, जो छुपाता?"

"सांगितलं तर पोरगी हाय खाईल."

"और तू?"

"माझं काय घेऊन बसला. मी काय बाळंत व्हणारय का?"

शफीक हसला नाही. त्यानं थोरलं खोड तेवढं उचललं आणि फडक्यात गुंडाळून वर्कशॉपच्या रिक्षात ठेवलं.

इकडं आशाबाईंनी रिकामं ताट राखेनं घासून लखलखीत केलं होतं. "केवढं छान ताट," त्या म्हणाल्या, "पण बुडाला मेली भोकं कशाला पाडली? लेकराला आंघोळ घालायला झालं असतं."

सातव्या महिन्यात दीपमालाचं डोहाळजेवण माहेरी चितेगावलाच झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने. जेवणं झाली आणि ती म्हणाली, मला झाडं बघायचीत. दहा-बारा बायका, सत्यम, कडुबा, अशी वरात शेताकडं निघाली. नानासाहेब मागून चालले होते. त्यांच्या छातीत धडधडत होतं, आणि खरं सांगायचं तर ती धडधड निव्वळ भीतीची नव्हती. कुणीतरी थांबावं, कुणीतरी म्हणावं की ही आपली झाडं नव्हेत, असं त्यांना आत कुठंतरी वाटत होतं. मनगटाएवढी खोडं गेली आणि पेन्सिली आल्या, एवढं तर आंधळ्यालाही दिसावं. उत्तरही त्यांनी तयार ठेवलं होतं.

पावसानं रोपं कमरेएवढी झाली होती, हिरवीगार. दीपमालानं बोट करून मोजली. अकरा भरली तसा तिनं मोठा श्वास सोडला.

"बघा बाबा," सत्यम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जमिनीत गेल्यावर तीन महिन्यांत कशी सुटली! एकोणीस वर्षं उगाच दाबून ठेवली होती तुम्ही."

बायका हसल्या. नानासाहेबही हसल्यासारखं करून म्हणाले, "व्हय. चुकलंच माझं."

दीपमाला मात्र त्यातल्या सगळ्यांत उंच रोपापाशी गेली होती. नानासाहेबांनी ते डावीकडंच लावलं होतं, सवयीनं. तिनं वाकून खोडाला हात लावला. बोट खालून वर नेलं, पुन्हा खाली आणलं. ती काहीतरी शोधत होती. नानासाहेबांना वाटलं, हिला कळलं. सगळ्यांत हिलाच कळलं.

तिनं मागं वळून बघितलं. डोळे भरलेले होते, पण तोंडभर हसू होतं.

"बाबा, त्याचा वळ भरून आला!"

सगळे नानासाहेबांकडं बघायला लागले. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या वाजत होत्या.

"व्हय बाई," ते म्हणाले. "भरून आला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ताट डोक्यावर घेऊन शफीकच्या वर्कशॉपमध्ये गेले. आत भिंतीच्या फळीवर ते वाळकं खोड उभं करून ठेवलेलं होतं. नानासाहेबांनी तिकडं एकदा बघितलं आणि ताट खाली ठेवलं.

"क्या करने का?" शफीकनं विचारलं.

"भोकं बुजवून दे," नानासाहेब म्हणाले. "आणि कडा चांगल्या घासून घे. लेकराला लागायला नको."