ज्योताईची बेंबी

गावात ही गोष्ट जो तो आपल्या सोयीनं सांगतो, म्हणून मीच लिहिते. शिकले तिसरीपर्यंत. पण माझी गोष्ट दुसऱ्यानं सांगावी एवढी मी अजून थकले नाय.

आमच्या देव्हाऱ्यात टाकांच्या मागं काचेची एक गोल वस्तू आहे. बोरापेक्षा मोठी, आत लाल-पांढरे पिळाचे दोरे. घरात तिला ज्योताई म्हणतात. मंगळवारी तिचा उपास. सासूबाईंनी धरला, मी धरला, आणि सून आली तशी माधुरीलाही धरायला लावला. मंगळवारी तिनं बोंबलाचं नुसतं नाव काढलं, तरी मी ज्योताईच्या कोपाची अशी धास्ती घालायची की ती तवा पुन्हा घासायची.

खरं मला एकटीला ठाऊक होतं. ती गोटी आहे. माझी.

माहेर म्हसा गावाच्या बाजूला, सासर शहापूरकडं. सासरी येताना गोटी कनवटीला लावून आणली. नवी नवरी गोट्या घेऊन आली म्हणून हसतील, तर टाकांमागं लपवली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी देव उजळायला काढले आणि किंचाळल्या, "आत ज्योत हाय गो!" गोटीला एका अंगाला खरबरीत वण होता. ती देवीची बेंबी ठरली. तिथंच कुंकू लागलं. सासूच्या देवाला गोटी म्हणायची माझी काय टाप? पुढं मीच सासू झाले, मग सांगायची गरज उरली नाय.

यंदा भाताची झोडणी उरकल्यावर माझी भाची संजीवनी नव्या नवऱ्याला घेऊन आली. अनिकेत, आसनगावचा. जावई पहिल्यांदाच दारात, म्हणून कोंबडी-वडे केले. त्याला जुन्या गोट्या जमवायचा नाद. देवाला वाकला तो उठेचना. मला वाटलं, कंबर धरली. तर पठ्ठ्यानं खिशातनं भिंग काढलं.

"मावशी, ही गोटी आहे."

"ज्योताई आहे ती. लांबून बघा."

"हातानं केलेली आहे. तापलेल्या काचेची कांडी कापून एकेक करायचे. कापल्याचा वण राहतो, हा बघा कुंकवाखाली. मशीनच्या गोटीला नसतो. मी अशी फक्त फोटोत बघितलीय. मला द्याल?"

पहिल्या वेळेस आलेल्या जावयाला आमच्यात नाय म्हणत नाहीत. संजीवनीनं मान खाली घातली. चुलीपाशी माधुरी झारा धरून माझ्या तोंडाकडं बघत राहिली. गोटी म्हटलं, तर घरातला माझा शब्द गेला.

"देव कुणी देतं का, जावई? आणि आमच्या घरात गोटी कशी येईल?"

"काकांची असेल लहानपणची. त्यांनीच जिंकली असेल. पोरी थोड्याच गोट्या खेळतात?"

आमचे हे, काळूराम, देवाघरी गेले. पण त्यांनी कैरीला दगड मारला की शेजारणीचा हंडा फुटायचा.

"त्यांनी?" माझा तोल गेला. "म्हशाच्या जत्रेत मी जिंकली ती! बा बैल विकत होता तवर. कल्याणच्या व्यापाऱ्याचा पोरगा सात गोट्या हरला, मग ही लावली. रडत गेला!"

आत झारा पडला.

आता झाकायला काय उरलं होतं? पदर खोचला, ज्योताई मुठीत घेतली. "मागून नाय मिळायची, जावई. जिंकून न्या. हरलात तर आपली गोटी कोपरानं ढकलत आणायची."

"मावशी, टवका उडेल!"

"देवीला टवका उडत नाय."

त्यानं खिशातली एक गोटी तुळशीपाशी ठेवली. मी उंबऱ्याजवळ बसले, अंगठा टेकला, ज्योताई मधल्या बोटावर ताणली. टक्! त्याची गोटी थेट गोठ्यात. कडक इस्त्रीच्या पँटीत जावईबापूंनी गोठ्यापासून तुळशीपर्यंत ती कोपरानं आणली. म्हैससुद्धा चघळायची थांबली.

मग माधुरी बाहेर आली. "आई, माझे सतरा वर्षांचे मंगळवार?"

"फुकट नाय गेले. बारीक राहिलीस."

तिनं ज्योताईला धुतलं, बेंबीला कुंकू लावलं, जागेवर ठेवलं. मला वाटलं, निभावलं.

मंगळवारी सकाळपासून घरभर बोंबलाचा वास. माधुरीनं ताट वाढलं स्वतःला. माझ्यापुढं एक केळं.

"गोटी तुमची ना, आई? मग माझे उपास आता तुमीच धरा. सतरा वर्षं."

मी केळं सोललं.

मला त्र्याहत्तर चालू आहे. म्हणजे नव्वदी गाठावी लागणार. गाठीन. तोवर जावयानं नेम शिकून यावा.